प्रोजेक्टरच्या पोटातलं पाणी

तिरोड्यात माझी नोकरी वाचवली ती एका रेडिएटर मिस्त्रीनं. हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवते. कारण पुढचं सांगायला बसले की मी माझ्या चुकीतच अडकते. ती कशी झाली, मला कोण काय बोललं, यातच पान भरतं आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस मागं राहतो. त्याचं नाव मात्र मी लिहिणार नाही. ते गावातही फार कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला थंडा मिस्त्री म्हणायचे. मी बाबाजी म्हणायचे, कारण इकडं वयस्कर माणसाला तसंच म्हणतात.

मी मूळची जत तालुक्यातली. सातवीनंतर शाळा सुटली. टँकर यायच्या वेळेला घरातलं कुणीतरी हंडे घेऊन रांगेत पाहिजे असायचं, आणि थोरली मी. लग्न झाल्यावर नवऱ्यामागं इथं आले. तो इथल्या विजेच्या प्लांटवर ठेकेदाराची राखेची गाडी चालवायचा. पुढं ठेकेदारानं त्याला छत्तीसगडात दुसऱ्या साइटवर नेलं, आणि मुलीची शाळा नको मोडायला म्हणून मी इथंच थांबले. टॉकीजमध्ये तिकिटाच्या खिडकीवर बसायचे. आधीचा ऑपरेटर नागपूरला निघून गेला तेव्हा टॉकीजचे मालक, म्हणजे शेठ, म्हणाले, बटनच तर दाबायचे आहेत, तू दाब. अशी मी ऑपरेटर झाले. वरच्या केबिनमध्ये मी, एक माठ, एक स्टूल आणि माझ्यापेक्षा रुंद असलेलं ते प्रोजेक्टरचं मशीन. पहिले कित्येक महिने ते जरा वेगळा आवाज करायला लागलं की मी स्टुलावरून उठून उभी राहायचे. आजही राहते, पण आता मशीनला काय विचारायचं ते मला कळतं. ते बाबाजीनं शिकवलं.

त्याचं दुकान टॉकीजच्या भिंतीला लागून होतं. वर टिनाचं छप्पर, मधोमध सिमेंटचं टाकं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. ट्रॅक्टरचा, ट्रकचा, राइस मिलच्या इंजिनाचा, कुठलाही गळका रेडिएटर आला की त्याची तोंडं रबरानं बंद करायची, एका तोंडातून पंपानं हवा भरायची आणि तो टाक्यात बुडवायचा. जिथून बुडबुडे येतील तिथं भोक. इतर मिस्त्री दोन बुडबुडे दिसले की रेडिएटर वर काढतात. हा टाक्याच्या काठाला हनुवटी टेकवून बसायचा आणि बघतच राहायचा, जणू पाण्यात कुणी त्याला गोष्ट सांगतंय. एकदा मी विचारलं, आता काय बघताय, भोक तर सापडलं. म्हणाला, "मोठं भोक गरबड करते, म्हनून दिसते. लहान भोक लाजते. त्याले वेळ द्या लागते."

दुकानासमोर एक लाकडी बाक होता. तापलेली गाडी घेऊन कुणीही आलं, कितीही घाईत असलं, तरी आधी बाकावर बसायचं हा त्याचा कायदा. इंजिन गार होईपर्यंत तो झाकणाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याला लावू द्यायचा नाही. गार झालं की नाही हे तो मनगटाच्या आतल्या बाजूनं बघायचा. हाताचा पंजा खोटं बोलतो म्हणायचा, काम करून करून निबर झालेला असतो. मनगटाची सवय त्याला इतकी होती की चहाचा कप, पोराचं कपाळ, उन्हात ठेवलेली सायकल, जे समोर येईल त्याला तो मनगट लावून बघायचा. चहा बशीत ओतायचा आणि निवून पार पाणी झाल्यावर प्यायचा.

एकदा भर दुपारी एका पुढाऱ्याची पांढरी गाडी धूर सोडत दारात येऊन उभी राहिली. गोंदियाला सभा होती, उशीर झालेला. ड्रायव्हर झाकण उघडायला धावला. मिस्त्रीनं आपला गमछा त्या झाकणावर टाकला, त्यावर स्वतःचा हात ठेवला आणि उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, बाजूला व्हा, साहेबांना जायचंय. हा म्हणाला, साहेबांना चालत जाता येईल, गाडीला नाही. पुढारी खाली उतरले, चिडले, आपण कोण आहोत ते त्यांनी सांगितलं. यानं शांतपणे बाकाकडं बोट केलं. पुढारी बसले. मग यानं त्यांच्यापुढं उकडलेल्या शिंगाड्यांची पाटी ठेवली आणि सोलून खा म्हणाला. पाऊण तास तो माणूस शिंगाडे सोलत बसला होता. टॉकीजच्या खिडकीतून मी सगळं बघितलं. जाताना पुढारी हसत गेले, आणि उरलेले शिंगाडे कागदात बांधून घेतले. मी विचारलं, बाबाजी, तुम्हाला भीती नाही वाटली? त्यानं उजव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी पिळल्यासारखी झालेली. "चवदा सालाचा होतो. मालक म्हने, झाकन खोल लवकर. खोललं." बाही खाली करत पुढं म्हणाला, "गरम मशीनसंग बोलू नाई, बाई. थे आपलं आयकत नाई. फक्त आंगावर येते."

गावात त्याला विक्षिप्त म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दुकानाच्या मागच्या भिंतीला फळी होती आणि तिच्यावर पाण्याच्या बाटल्या ओळीनं. सालेकश्याकडच्या नाल्याचं पाणी, नागझिऱ्याच्या तलावाचं, कुणाच्या बोअरचं, प्लांटच्या नळाचं, तीन वेगवेगळ्या सालांच्या पावसाचं. प्रत्येक बाटलीवर खडूनं खूण. बाटलीतलं चमचाभर पाणी साबणाच्या चुऱ्याबरोबर हलवायचं आणि फेस किती येतो ते बघायचं, हा त्याचा खेळ. कमी फेस म्हणजे क्षार जास्त, आणि क्षार म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांत दगड. गिऱ्हाइकाला तो आधी गाव विचारायचा, मग गाडीत पाणी कुठलं टाकलं ते विचारायचा, आणि मग टाक्यात न बुडवताच सांगायचा की नळ्या कुठं बुजल्यात. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं की दिवसभर स्वतःवर रुसलेला असायचा.

मला त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमच्या गावचं पानी कसं आहे?"

मी म्हणाले, पाणीच नाही. टँकर येतो. आला तर येतो. आलेलं पाणी आई इरकलीच्या पदरानं गाळते, पिते, त्याच पाण्यानं भाजी धुते, तेच भांड्यांना, तेच शेवटी म्हशीला. या जिल्ह्यात गावागणिक तलाव, माणसाला पाणी असण्याची इतकी सवय की ते नसणं म्हणजे काय हे सांगावं लागतं. मग तो फळीपाशी गेला, दोन बाटल्या सरकवल्या आणि मधली जागा मला दाखवली. "गावाले जाशीन तवा एक बाटली आनजो. हे जागा त्याची." त्या दिवसापासून ती जागा रिकामी होती. तिथं त्यानं दुसरी बाटली कधी ठेवली नाही.

सिनेमाला तो दर शुक्रवारी पहिल्या खेळाला यायचा. तिकीट काढून, सगळ्यात मागच्या रांगेत, बरोबर माझ्या केबिनच्या झरोक्याखाली. मला वाटायचं शौकीन असेल. नंतर कळलं की तो डोळे मिटून बसतो. हिरो कोण होता हे त्याला सांगता यायचं नाही. तो मशीनचा पंखा ऐकायला यायचा. खेळ सुटल्यावर जिन्याखाली थांबून मला सांगायचा, आज पंखा दमून राहिला, खिडकी उघडी ठेवजो. किंवा, आज मजेत होता. मला आधी हसू यायचं. मग एका शुक्रवारी तो म्हणाला पंख्यात धूळ आहे, आणि रविवारी खरंच मशीननं तसा इशारा दिला. त्यानंतर मी हसले नाही.

मशीनच्या पोटात काय आहे हे त्याला हवं होतं. मी मला जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. आत तीन चिप असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची एकेक. दोन बोटं रुंद, पण त्यांच्यावर डोळ्याला न दिसणारे बारीक आरसे. दिव्याचा सगळा उजेड त्यांच्यावर पडतो आणि पडद्यावरचं चित्र तिथंच तयार होतं. इतका उजेड अंगावर घेऊन त्या तापतात. म्हणून प्रत्येकीच्या पाठीला तांब्याची चपटी डबी असते, डबीत केसासारख्या बारीक नाल्या, आणि त्यांतून कूलंट, म्हणजे गार करायचं पाणी, फिरतं. एक छोटा पंप ते ढकलतो, तापलेलं कूलंट रेडिएटरमध्ये येतं, पंखा त्याला निववतो, ते परत जातं. मी रेडिएटर म्हणाले तशी त्याच्या तोंडावर अशी चमक आली की काय सांगू.

"म्हंजे टॅक्टरच होय," तो म्हणाला. "थो चिखल करते, हा सिनेमा करते."

मग त्यानं गावाबाहेर, प्लांटच्या बाजूला हात केला. तिथल्या मोठ्या मनोऱ्यांतून वाफेचे ढग निघत होते. म्हणाला, एवढा मोठा कारखाना, लोक भट्टीच पाहतात, पण ते मनोरे फक्त पाणी थंड करायला बांधलेत. ते बंद पडले तर भट्टी काय कामाची? त्याचं हे नेहमीचं बोलणं होतं, की दुनियेत तापवणारे ढीगभर, थंड करणारा एखादाच, आणि त्याला कुणी विचारत नाही. हे तो तक्रार म्हणून बोलायचा नाही. आपल्या जातकुळीची ओळख सांगावी तसं बोलायचा.

आता माझ्या चुकीकडं येते.

वर्षातून एकदा नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर सर्व्हिसला यायचा. त्या वर्षी त्यानं मशीनमधलं जुनं कूलंट काढून बादलीत घेतलं, नवीन भरलं, उरलेली अर्धी बाटली वेळेला टाकायला म्हणून कपाटात ठेवली आणि बादली माझ्याकडं सरकवून म्हणाला, ये फेंक दो. नालीत टाकू नका, असंही म्हणाला, कारण ते गोड असतं, जनावरं पितात आणि मरतात. मी बादली घेऊन मागच्या अंगणात गेले. कुठं टाकू? आणि खरं सांगते, जागा सापडली असती तरी माझा हात बादली उपडी करायला वळला नसता. स्वच्छ, हिरवट, चमकणारं बादलीभर पाणी. आमच्याकडं कुणी पाणी फेकत नाही. वापरलेलं असलं तरी फेकत नाही, त्याला खालचं काम देतात. तळाशी थोडी धूळ दिसत होती. मी माठावरचं गाळणं घेतलं, आईच्या जुन्या इरकलीचा तांबडा पदर, लग्नात निघताना तिनं फाडून दिलेला. दुहेरी केलं, गाळलं, दोन बाटल्या भरल्या, वर कागद चिकटवून 'जुनं' लिहिलं आणि मशीनमागं ठेवून दिलं. गाळणं मात्र घासून घासून तीनदा धुतलं.

दिवाळीला मोठा सिनेमा लागला. हॉल भरलेला. आधीचे काही आठवडे मशीनच्या एका जोडातून थेंब थेंब गळती होती, आणि मी कपाटातल्या बाटलीतून भर घालत होते. इंजिनिअरला कळवलं असतं तर तो आला असता. पण मला वाटलं, तो म्हणेल ही शिकलेली नाही म्हणून मशीन सांभाळता येत नाही. त्या दिवशी दुपारच्या खेळाआधी कूलंट कमी झाल्याचा इशारा आला आणि कपाटातली बाटली रिकामी. इंजिनिअरचा फोन लागेना. खाली लोक शिट्ट्या मारत होते. मी मागची बाटली काढली आणि ओतली. इशारा गेला. चित्र आलं. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं, की बघ, फेकलं नाही म्हणून आज कामाला आलं.

चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी खेळ सुरू झाल्यावर थोड्या वेळानं मशीन आपोआप बंद. हिरव्या रंगाची चिप तापली, असं स्क्रीनवर आलं. गार होऊ दिलं, चालू केलं, पुन्हा तेच. दोन दिवसांत लोकांनी तिकिटांचे पैसे परत मागितले, कुणीतरी खुर्ची फोडली. शेठ वर आले आणि म्हणाले की आता बास, हॉल पाडून शादीचं लॉन करून टाकतो, तिथं ही झंझट नाही. मग त्यांनी माझ्यासमोर इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला यायला तीन दिवस लागतील, तोवर मशीन चालवू नका. चिप गेली असेल तर आतला पूर्ण भाग जाईल. आणि शेवटी विचारलं, "किसी ने उसमें कुछ डाला तो नहीं?"

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणाले.

शाळेत मी एकदाही कॉपी केली नव्हती. सातवीपर्यंतच शिकले, पण जेवढं शिकले तेवढं खरं. आणि आता एका शब्दात मी असं खोटं बोलले की त्यावर हॉल, शेठ, माझी खोली, मुलीची शाळा, सगळं उभं राहिलं. मशीन उघडल्यावर कळणारच होतं. कळलं की नोकरी जाणार, आणि मला जतला परत जावं लागणार, हंड्यांच्या रांगेत, मुलीला घेऊन.

बाबाजीला कुणी बोलावलं नव्हतं. तो शेठच्या पाठोपाठच जिना चढून वर आला, केबिनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला की दोन रोजांपासून पंखा धावतोय पण मशीन गार होत नाही. म्हणजे पंख्याचा दोष नाही, पाणी कुठंतरी अडलंय. शेठ वैतागून म्हणाले, मिस्त्री, ये ट्रक नहीं है. पण त्यांनी इंजिनिअरला पुन्हा फोन लावला. पलीकडून आधी हसू ऐकू आलं. मग बाबाजी फोनवर बोलायला लागला, त्याच्या बोलीत. तिकडून हिंदीत प्रश्न येत होते, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं. नळी कुठल्या डबीतून कुठं जाते, उलटी धार मारली तर चालेल का, हवा काढायची जागा कोणती. इंजिनिअरचं हसणं थांबलं. तो म्हणाला, पाण्याचा भाग उघडा, उजेडाच्या भागाला बोट लावू नका, आणि मी आत्ता नागपूरच्या बसनं कूलंट पाठवतो.

मग बाबाजीनं काय करावं? शेठला खाली बाकावर नेऊन बसवलं. मशीन अजून कोमट होतं. टॉकीजचे मालक, सगळा गाव ज्यांना सलाम करतो ते, रस्त्यावरच्या बाकावर बसून शिंगाडे सोलत होते. मी वर स्टुलावर. बाबाजी मधूनमधून येऊन मशीनला मनगट लावायचा आणि परत जायचा.

गार झाल्यावर त्यानं काम सुरू केलं, आणि शेठ वर येऊन दाराशी उभे राहिले. आधी मशीन थोडा वेळ चालू करून त्यानं तिन्ही डब्यांच्या नळ्यांवर मनगट फिरवलं. दोन डब्यांतून बाहेर येणाऱ्या नळ्या कोमट, हिरव्याची थंड. ज्या डबीतून गरम पाणी बाहेरच येत नाही, तिथं ते अडलेलं. मशीन बंद करून त्यानं ती नळी सोडवली. ढोरांच्या दवाखान्यातून आणलेली मोठी सिरिंज, बॅटरीचं शुद्ध पाणी आणि खाली एक पांढरं चिनीमातीचं भांडं. तो नेहमी पांढऱ्या भांड्यातच पाणी काढायचा, लपलेलं सगळं दिसतं म्हणून. हवेचा पंप त्यानं बाजूला ठेवला होता. एवढ्या बारीक नाल्यांना फुंकर पुरे, असं म्हणत त्यानं उलट्या बाजूनं हळूहळू पाणी सोडलं. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग भांड्यात काहीतरी पडलं.

पापणीच्या केसाएवढा धागा. तांबडा. मग आणखी चार, आणि त्यांच्याभोवती गुंतलेला गाळ.

त्यानं सुईच्या टोकानं धागा उचलून तळहातावर घेतला. माझ्याकडं बघितलं नाही. माठावर वाळत घातलेल्या गाळण्याकडं बघितलं. टँकरचं पाणी आई पदरानं गाळते हे मी त्याला सांगितलेलं होतं. त्यानं मूठ मिटली.

शेठनं विचारलं, क्या निकला?

"कचरा निंघाला, शेठ."

"कचरा आया कहाँ से?"

तो उठून उभा राहिला. खोटं बोलला नाही. ते त्याला जमलंही नसतं. म्हणाला, "थे ही बाई सांगन तुमाले. उद्या सकारी. आज मशीन गरम, तुमी गरम, आन ही तं सगळ्यांत गरम आहे. आत्ता झाकन खोलाचं नाई."

शेठ मान हलवून जिना उतरले. कदाचित बाकाचा परिणाम असेल.

कूलंट संध्याकाळच्या बसनं आलं. ते भरल्यावर नळ्यांत हवा अडकली होती. ती काढायला त्यानं सायकलच्या नळीचा तुकडा एका टोकानं कानात घातला, दुसरं टोक मशीनच्या नळीवर टेकवलं, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती नळी दाबत, सोडत, वर वर नेत राहिला, शेळीची धार काढावी तसा. शेवटचा बुडबुडा टाकीत येऊन फुटला तेव्हा त्याला तो दिसायच्या आधी ऐकू आला. मशीन पूर्ण खेळभर चालवून पाहिलं. हिरवी चिप शाबूत होती. रिकाम्या हॉलमध्ये चित्र चालू, आणि मागच्या रांगेत एकटा बाबाजी, डोळे मिटून.

सकाळी शेठकडं जाताना तो बाकावर बसलेला दिसला. बशीतला निवलेला चहा माझ्यापुढं केला. मी म्हणाले, बाबाजी, तुम्हीच सांगा ना त्यांना, तुमचं ते ऐकतील. तो म्हणाला, "मी कायले सांगू? झाकन तुयं आहे." मग त्यानं माझ्या कपाळाला मनगट लावलं, रेडिएटरला लावायचा तसंच, जरा थांबून विचार करून. "झाली थंडी. जाय आता."

मी गेले. सगळं सांगितलं. बादली, गाळणं, बाटल्या, आणि फोनवरचं खोटंही. कूलंट कपड़े से छान के डाला, असं शेठ दोनदा स्वतःशीच म्हणाले. मग विचारलं, झूठ क्यों बोली. मी म्हणाले, भीतीनं. ते म्हणाले की चूक समजू शकते, पण पुढच्या वेळी खोटं बोललीस तर तो दिवस तुझा इथला शेवटचा. महिनाभर कूलंटच्या कपाटाची किल्ली त्यांनी आपल्या कमरेला ठेवली आणि रोज स्वतः येऊन पातळी बघितली. मला ते लागलं, पण त्यांचं चूक नव्हतं. महिना संपल्यावर किल्ली परत माझ्या हातात दिली. इंजिनिअरनं मला फोनवर एकच सांगितलं, की गळती दिसली की त्याच दिवशी फोन करायचा, मूर्ख दिसण्याची काळजी करायची नाही. आणि जुनं कूलंट तो आता स्वतःच परत घेऊन जातो.

बाबाजीला मी काय देऊ विचारलं तेव्हा त्यानं फळीवरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. एवढंच.

आता ते दुकान नाही. नव्या गाड्यांचे रेडिएटर प्लास्टिकच्या टाक्यांचे येतात, त्यांना कथलाचा डाग देता येत नाही, गळला की फेकून नवा बसवतात. फेकणं त्याला माझ्याइतकंच जड जायचं. दोन वर्षं तो रिकाम्या टाक्यापाशी बसून राहिला, मग मुलगी येऊन त्याला सालेकश्याकडं आपल्या गावी घेऊन गेली. जाताना त्यानं बाकी सामान कुणाकुणाला वाटलं. बाटल्या मात्र पोत्यात, मध्ये धानाचं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, घालून, स्वतः मांडीवर घेऊन गेला. बाक माझ्या केबिनमध्ये आहे. मशीननं लाल दिवा दाखवला की मी आधी त्यावर बसते.

गेल्या सहा वर्षांत मी गावी गेले नाही. दोन दिवसांचा प्रवास, माझ्या जागी कुणी नाही, आणि थोडी लाजही, की इतक्या लांब येऊन काय मोठं केलं. पण येत्या उन्हाळ्यात हॉलच्या खुर्च्या बदलायच्या आहेत, पंधरा दिवस खेळ बंद. मी शेठना सांगून ठेवलंय. मुलीला आजी दाखवीन. टँकर येईल त्या दिवशी रांगेत उभी राहीन, आणि पहिला हंडा भरला की त्यातली एक बाटली बाजूला काढीन. मग इकडं परत आल्यावर, तिरोड्यात न थांबता तशीच गाडीनं पुढं सालेकश्याला जाईन, आणि बाबाजी, ती तुमच्या हातात देईन.

आई म्हणेल, थांब, गाळून देते. मी तिला नको म्हणणार आहे.